सुंता पुढं गेली त्याची हकीकत

प्रिय भाऊजी,

वहिनीचा शालोम. जाऊबाईंनाही सांगा. तुमचे गुडघे कसे आहेत, दुखरा दात काढला की अजून डॉक्टरला 'पुढच्या आठवड्यात' म्हणून झुलवताय, आणि झोप लागते का, ते कळवा. मी बरी आहे. बरी म्हणजे जेवते, वाचते, आणि जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबते. दमले असं कुणाला वाटू नये म्हणून तिथल्या सूचनाफलकाकडे बघत उभी राहते. (तो फलक मला पाठ आहे. पाण्याची टाकी धुण्याची सूचना गेल्या वर्षीची आहे.) एक विनंती आधीच करते: हे पत्र जाऊबाईंकडून मोठ्यानं वाचून घ्या. तुम्ही स्वतः वाचलंत तर सुरुवात आणि शेवट वाचाल, मधलं 'बायकांचं आहे' म्हणून सोडाल, आणि हकीकत सगळी मध्येच आहे.

हकीकत अशी की सुंता झाली नाही. घाबरू नका, नातू ठणठणीत आहे, निदान रडायला तरी. रंगाचं पुढं सांगते. आधी तुमच्या पत्राचं. तुमचं पत्र पोचलं. एवढ्या मोठ्या कागदावर एकच ओळ लिहायचा मोठेपणा तुमच्या घराण्यातच आहे. 'आठव्या दिवशी पोचणं जमणार नाही, तुमच्याकडे कुणासाठी थांबत नाहीत हे मला माहीत आहे.' मी मुलाला ते स्वल्पविरामापर्यंत वाचून दाखवलं.

पुढचं मला एकटीला पुरलं. तुमचे दादा गेले त्या दिवशी तुम्ही गाडीत होतात, आणि आम्ही अंधार पडायच्या आत माती दिली. तुम्ही पोचलात तेव्हा कबर भरून झाली होती. आपल्यात गेलेल्या माणसाला रात्रभर ठेवत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक होतं आणि मलाही. त्यावर आपण दोघं कधी बोललो नाही, आणि त्यानंतर तुम्ही ह्या घराची पायरी चढला नाहीत. ते बरोबर झालं की चूक, हा वाद मी आज काढत नाही. मी तुम्हाला बोलावलं होतं ते एवढ्यासाठी, की बाळाला मांडीवर घेऊन बसायचा मान त्याच्या आजोबांचा होता, ते नाहीत, तर तो त्यांच्या भावाचा. तुम्ही नाही म्हणालात. मग मान व्याह्यांकडे गेला, आणि घोळ तिथूनच सुरू झाला.

सूनबाई बाळंतपणाला माहेरी आहे, म्हणजे दोन गल्ल्या पलीकडे. तिकडे रंगकाम निघालं होतं (बाळ केव्हा येणार ते आधी कळतं, रंगारी केव्हा येणार ते कुणालाच कळत नाही), म्हणून समारंभ माझ्या दोन खोल्यांत करायचं ठरलं. विहीणबाई मला सारख्या म्हणत होत्या, 'तुम्हाला उगाच त्रास.' मी तोंडावर 'छे, त्रास कसला' म्हणत होते आणि मनात म्हणत होते, द्या हो, आणखी द्या. भाऊजी, ह्या घरात इतकं शांत असतं की फ्रिज मध्येच बंद झाला तर बोलणारं माणूस गप्प झाल्यासारखं वाटतं. त्या आठवड्यात दार लोटलेलं असं राहिलंच नाही. मी पडदे धुतले. कपाटाच्या वरच्या खणातल्या चांगल्या चादरी काढल्या, ज्यांना तुमचे दादा गेल्यापासून हात लावला नव्हता. पाहुण्यांसाठी कप कमी पडतात म्हणून मी आनंदानं रडले असं सांगितलं तर विहीणबाई मला डॉक्टरकडे नेतील, म्हणून तुम्हालाच सांगते.

खुर्च्या दोन लागतात, तुम्ही जाणताच. एक बाळाला धरणाऱ्याची आणि दुसरी एलियाहू नबीची, जिच्यावर कुणी बसायचं नाही. मला वाटलं होतं, नबीसाठी तुमच्या दादांची हातांची खुर्ची ठेवावी, नाहीतरी ती रिकामीच असते. विहीणबाईंनी ती हलवून पाहिली. ती कुरकुरली. 'नबी येणार आणि ही अशी बोलणार?' मी म्हटलं, नबींचं वजन कुठं असतं, त्यांच्याखाली ती गप्पच राहील. 'तुमचं वाचन फार झालंय,' त्या म्हणाल्या. (तुमचे दादाही हेच म्हणायचे. पण म्हणून झालं की चष्म्याच्या दुकानातून येताना नवं पुस्तक घेऊन यायचे. माझं वाचन सुरूच त्यांच्यामुळं झालं. घासलेली काच बरोबर आहे का ते बघायला घरी आणायचे, माझ्या डोळ्यांवर ठेवायचे आणि पुढ्यात मासिक धरायचे. 'वाच.' मी चौथी शिकलेली, अडखळत वाचायचे. काच चांगली निघाली तरी 'अजून एक पान बघू' म्हणायचे.)

शेवटी खालच्या मजल्यावरच्या शिंपीदादांनी आपल्या दुकानातली लाल मखमलीची खुर्ची दिली. दिली म्हणजे स्वतः उचलून आणली आणि तिच्याजवळच उभे राहिले, मुलगी सासरी पोचवायला आल्यासारखे. 'काकू, हिच्यावर कोण बसणार?' मी म्हटलं, कुणीच नाही. त्यांचा चेहरा पडला. मग मला सगळं सांगावं लागलं. एलियाहू नबींनी एकदा देवाकडं गाऱ्हाणं केलं की तुझी माणसं तुझ्याशी केलेला सुंतेचा करार विसरली. देव म्हणाला, असं? मग ह्यापुढं जिथं जिथं बाळाची सुंता होईल तिथं तू जातीनं हजर राहायचं आणि डोळ्यांनी बघायचं की विसरली की नाही. शिंपीदादा म्हणाले, 'म्हणजे तक्रार केली म्हणून कायमची ड्यूटी लागली.' मी हो म्हटलं. 'आमच्या सोसायटीतही असंच होतं,' ते म्हणाले.

मग त्यांनी जरा चाचरत विचारलं, एवढ्याशा जिवाला दुखवायचं आणि वर गोडधोड वाटायचं, ह्यात देवाचं काय? भाऊजी, मी ह्यावर पुष्कळ वाचलंय आणि त्यातलं निम्मं मला कळलेलं नाही. जे कळलं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. म्हटलं, तुम्ही पॅण्ट शिवता पण पायाची दुमड सोडून ठेवता, का? 'गिऱ्हाईक घालून उभं राहिल्याशिवाय लांबी कशी कळणार?' तसंच, म्हटलं. देवाला सगळं पुरं करता आलं असतं. त्यानं एक दुमड घरच्यांसाठी ठेवली, म्हणजे हे मूल नुसतं जन्मलं असं होत नाही, ते कुणीतरी हातात घेऊन आपलं करावं लागतं. सात दिवस जग घडवण्याचे, ते त्याचे. आठवा आपला. शिंपीदादांनी विचार केला. 'पण पोराला कुणी विचारलं नाही.' मी म्हटलं, मला तरी लग्नाच्या वेळी कुणी विचारलं होतं? नातं विचारून जुळत नाही दादा, पाळून जुळतं. ते म्हणाले, 'हे मी घरी सांगणार नाही.' आणि खुर्चीची पाठ पुसून गेले.

आता व्याही. तुम्ही त्यांना लग्नात पाहिलंय: शाळेत व्यायामाचे शिक्षक, छाती पिंपासारखी, मिशी दोन्ही बाजूंनी दाखवण्यासारखी, आवाज असा की हळू बोलले तरी मैदान ओलांडावं. मान मिळाल्याबरोबर त्यांनी तयारी सुरू केली. रोज संध्याकाळी माझ्या उशीला मांडीवर घेऊन ताठ बसायचे आणि विहीणबाई 'गुडघे जवळ! खांदे खाली!' म्हणून त्यांच्याच शिट्टीवर त्यांना कवायत करायला लावायच्या. उशी बरी धरायचे. फक्त एकदा मुलानं सहज सांगितलं की नेमकं केव्हा काय करतात, तेव्हा उशी खाली पडली आणि व्याही पाणी प्यायला आत गेले ते बराच वेळ आले नाहीत. मी स्वयंपाकघरात गेले तर मोरीच्या कठड्याला धरून उभे. म्हणाले, 'विहीणबाई, शाळेत पोरांचं गुडघ्याचं खरचटलेलंसुद्धा मी शिपायाला बघायला सांगतो. तीस वर्षं कुणाला कळलेलं नाही.' मग अगदी खालच्या आवाजात (म्हणजे शिंपीदादांना ऐकू गेलं असेल एवढ्याच), 'तुमचे दीर खरंच येणार नाहीत का हो?'

मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि बाहेर जाऊन पुन्हा उशी घेतली. मला त्यांची दया आली. आणि खरं लिहायचं तर रागही आला, त्यांचा नव्हे.

तर आठवा दिवस. सुंता करणारे मोहेलबाबा सकाळच्या गाडीनं येणार होते. प्रार्थनेला आपले दहा पुरुष लागतात, ते जमवायचे होते, आणि आपली यहुदी घरं इथं किती उरलीत ते तुम्हाला माहीत आहे. मुलानं इकडून तिकडून माणसं गोळा केली, एक तर केवळ नावावरून शोधलेला निघाला, त्याला स्वतःला खात्री नव्हती पण त्याची आजी आपल्यातली होती म्हणे. सगळे बाहेरच्या खोलीत, आम्ही बायका स्वयंपाकघराच्या दारात. बाळ नव्या दुपट्यात. नाव अजून ठेवलेलं नाही, ते सुंतेच्या वेळीच पुकारतात, त्यामुळं ज्याला जे सुचेल ते म्हणत होता. विहीणबाई 'सोन्या', मुलगा 'साहेब', आणि माझ्या तोंडून सवयीनं 'अहो' गेलं तेव्हा सगळे हसले. मीही हसले.

इतक्यात दारात एक तरुण माणूस आला. घामाघूम, खांद्याला पिशवी, हातात कसलं तरी यंत्र. गर्दीत दाराजवळ उभ्या असलेल्यानं त्याला पाहुणा समजून डोक्यावर टोपी ठेवली. तो बिचारा वाकला, कारण ज्याच्या घरी जायचं त्याच्या रीतीनं वागायचं असं त्याला शिकवलेलं दिसलं. मुलगा मोजत होता, तो 'दहा!' म्हणाला आणि त्याचा चेहरा उजळला. तरुणाला खोलीत एकच रिकामी खुर्ची दिसली. लाल, मखमली, उशी ठेवलेली. तो तिच्यावर बसला, यंत्र मांडीवर घेतलं, आणि त्यात बघून मोठ्यानं एक नाव वाचलं. 'हे इथंच राहतात ना?'

ते तुमच्या दादांचं नाव होतं. पूर्ण, तुमच्या वडिलांच्या नावासकट.

वीज मीटर वाचायला आलेला नवा माणूस होता तो. आमचा मीटर दाराच्या आतल्या बाजूला आहे आणि बिल अजून त्यांच्याच नावानं येतं. मुलगा दोनदा म्हणाला, आई, बदलून घेऊ. मी दोनदा कागद हरवले. भाऊजी, ह्या घरात ते नाव कधी कुणी उच्चारलंच नाही, हे मला त्या क्षणी कळलं. मी 'अहो' म्हणायचे, मुलगा 'बाबा', तुम्ही 'दादा'. आणि आता एलियाहूच्या खुर्चीत बसून एक अनोळखी पोरगा ते खणखणीत विचारत होता. विहीणबाईंना मात्र दुसरीच चिंता. 'अरे देवा, नबीच्या खुर्चीत बसला! उठवा त्याला!' तो दचकून उठायला लागला, तोच जिना चढून मोहेलबाबा आत आले, आणि काय झालं ते ऐकून म्हणाले, 'बसू दे. आलेल्याला उठवत नाहीत. नबी कोणत्या रूपात येतात हे मी सांगू शकत नाही, आणि वीज खात्यालाही माहीत नसावं.' मग त्यांनी मुलाला सांगितलं की दहात ह्याला धरू नकोस, आणि त्या पोराला सांगितलं की गोड खाल्ल्याशिवाय जाऊ नकोस. मी त्याला म्हटलं, हो बाळा, इथंच राहतात. त्यानं आकडा टिपला. मी खोटं बोलले असं मला वाटत नाही.

मोहेलबाबांनी हात धुतले, बाळाला खिडकीत उजेडाला नेलं, दुपटं सोडलं. व्याही खुर्चीत बसले होते, मिशी पांढरी पडू शकत असती तर पडली असती. मोहेलबाबांनी बोटानं बाळाच्या नाकाचा शेंडा हलकेच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. छातीवर तसंच केलं. मग डोळ्यांची पांढरी बाजू बघितली. आणि दुपटं परत गुंडाळलं. 'पिवळं आहे. आज नाही.'

विहीणबाई पुढं झाल्या. एवढी माणसं जमलीत, जेवण तयार आहे, गाडीभाडं खर्चून लोक आलेत, आणि जरासं पिवळं तर सगळीच बाळं असतात, आमची हीसुद्धा होती. 'बाई,' मोहेलबाबा म्हणाले, 'हा पिवळा पडलेला पडदा नाही, पोर आहे. शनिवारी, शब्बाथच्या दिवशी, आठवा दिवस आला तर मी शब्बाथसाठी थांबत नाही. सणासाठी थांबत नाही. राजा येणार असेल तर राजासाठी थांबत नाही. ह्याच्यासाठी थांबतो.' आणि बाळाला सूनबाईच्या हातात दिलं. व्याह्यांनी असा श्वास सोडला की समोरच्याची टोपी हलली. त्या दिवशी सगळ्यात जास्त तेच जेवले.

मग सगळे गेले. डॉक्टरनं बाळाला तपासलं, काळजीचं नाही म्हणाला, सकाळचं कोवळं ऊन आणि भरपूर दूध सांगितलं. सूनबाई बाळाला घेऊन माहेरी गेली, तिकडचं रंगकाम एव्हाना संपलं होतं. मी खरकटं आवरलं, कप धुतले, आणि मग आवरायला काही उरलं नाही. बाहेरच्या खोलीत नुसत्या खुर्च्या. शिंपीदादा म्हणाले होते की उद्या नेतो, घाई नाही. मी एका खुर्चीत बसले (कुठल्या ते सांगत नाही) आणि उशी मांडीवर घेतली. फ्रिज चालू होता.

तिथं बसून मला जे सुचलं ते लिहिते, तुम्ही हसाल तर हसा. आठवा दिवस म्हणजे आठवा दिवस, अशी आपल्या धर्माची करडी आज्ञा. मी ती मोठ्या कौतुकानं शिंपीदादांना सांगितली होती. देव दुमड सोडतो वगैरे. पण त्या आज्ञेच्या पोटातच लिहिलेलं आहे की बाळ पिवळं असेल तर थांबा, त्याचं रक्त त्याला परत येऊ दे. म्हणजे देवानं करार केला आणि करारातच लिहून दिलं की मी थांबेन. मेलेल्यासाठी थांबायला परवानगी नाही, कारण थांबून त्याचं काही भलं होत नाही. जिवंतासाठी आहे. इतकी वर्षं मी हे दोन्ही नियम वेगवेगळ्या पानांवर वाचत होते. त्या संध्याकाळी ते शेजारी शेजारी आले. त्यातून काय निघतं ते तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच काढा. मला एवढंच दिसलं की ज्या समारंभात नुसतं सगळं वेळेवर करायचं असतं असं मी समजत होते, त्यात एक खुर्ची मुद्दाम उशिरा येणाऱ्यासाठी मांडलेली असते.

पत्र लांबलं. जाऊबाईंचा घसा बसला असेल, त्यांना पाणी द्या. मुलांना आशीर्वाद. दात काढून घ्या.

तुमची,
वहिनी

ता. क. बाळाचा रंग उतरतोय. मी रोज सकाळी दोन गल्ल्या चालून जाते आणि त्याला खिडकीतल्या उन्हात धरते. विहीणबाई म्हणतात, 'तुम्हाला उगाच त्रास.' मोहेलबाबांनी पुढच्या आठवड्यातला बुधवार सांगितलाय, माझ्याच घरी. (रंगकाम संपलेलं आहे. तरी माझ्याच घरी. हे मी भांडून मिळवलं.)

ता. क. दुसरा. नाव तुमच्या दादांचंच ठेवायचं आहे. पुकारण्याआधी ते घरातल्या कुणीतरी मोहेलबाबांच्या कानात सांगायचं असतं, आणि मुलगा म्हणतो, आई, तू सांग. काल दार लावून मी म्हणून पाहिलं. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा जरा जास्तच फुटला. शिंपीदादांनी खालून विचारलं, 'काकू, कुणाला हाक मारताय?' मी म्हटलं, नातवाला. पण बुधवारी एवढ्या लोकांत ते मला जमेल असं वाटत नाही. ते तुम्ही सांगावं.

ता. क. तिसरा, आणि हा जाऊबाईंनी दोनदा वाचावा. व्याही म्हणतात की तुम्ही आलात तर ते तुमच्या पाया पडतील. मी त्यांना म्हटलं, वयानं तुम्ही मोठे, नुसते बाजूला झालात तरी पुरे. (विहीणबाईंना ह्यातलं काही माहीत नाही.) मोहेलबाबांना मी नीट विचारून घेतलंय: सकाळीच केली पाहिजे असं नाही, दिवस मावळायच्या आत झाली म्हणजे चालतं. तुमची गाडी दुपारची असो, उशिरा सुटो, वाटेत बंद पडो. लोक कुरकुर करतील, जेवण गार होईल, विहीणबाई माझं नाव टाकतील. बाळाला दूध पाजून झोपवून ठेवू. ह्या वेळी मी ऊन शेवटच्या भिंतीवरून उतरेपर्यंत कुणाला हात लावू देणार नाही.